तसबिरीमागचा पडदा

मनुष्याची तसबीर काढावी आणि मागाहून तिच्यातील नको ती वस्तू पुसून टाकावी, ही हौस लोकांना संगणकाने लावली असा सर्वत्र समज आहे. आज हातातल्या फोनच्या काचेवर बोट फिरवले की मागचा विजेचा खांब, दोरीवर वाळत घातलेले धोतर, चुकून चौकटीत शिरलेला पाहुणा ही सारी मंडळी क्षणात अंतर्धान पावतात. आणि मागे भिंत अशी निर्मळ उरते की तेथे कधी काही होते अशी शंकाही येऊ नये. देवळाच्या सभामंडपात झालेल्या मुंजीचे फोटो घरी येतात तेव्हा समई तेवढी राहिलेली असते आणि खुर्च्यांची चळत गेलेली असते. यात कोणाचे काही बिघडत नाही. परंतु ही विद्या नवी आहे हे मात्र खरे नव्हे. ती छायाचित्राइतकीच जुनी आहे. आणि तिच्या हिंदुस्थानातील इतिहासाचे एक महत्त्वाचे पान आमच्या इंदुरात उघडते, याची आठवण या शहरातही थोड्यांनाच असेल.

छायाचित्राने माणसे पुसण्यास आरंभ केला तो कोणाच्याही हेतूवाचून. १८३८ साली दागेर याने पॅरिसमधील एका हमरस्त्याचे चित्र वरच्या मजल्यावरून घेतले. रस्ता वाहता होता. परंतु चित्र उमटण्यास त्या काळी काही मिनिटे लागत, त्यामुळे गाड्या, घोडे, चालती माणसे यांपैकी काहीच त्या मुलामा दिलेल्या पत्र्यावर उमटले नाही. भर दिवसा रस्ता निर्मनुष्य दिसतो. एकच इसम उरला, कारण तो जोड्यांना पॉलिश करून घेण्यासाठी एका जागी उभा होता. त्याच्या पायाशी वाकलेला पॉलिशवाला हालचाल करीत होता, म्हणून तो जेमतेम डागासारखा उमटला आहे. सेवा घेणारा स्पष्ट आणि सेवा करणारा अस्पष्ट, ही व्यवस्था यंत्राने अशी अजाणता करून ठेवली. पुढे माणसांनी ती जाणूनबुजून चालविली.

आता इंदूर. लाला दीनदयाळ हे मूळचे मेरठजवळच्या सरधन्याचे, जन्म १८४४. रुडकीच्या थॉमसन कॉलेजात स्थापत्याचे शिक्षण घेऊन १८६६ साली ते इंदुरास सार्वजनिक बांधकाम खात्यात नकाशे व खर्चाचे अंदाज तयार करण्याच्या कामावर रुजू झाले. फोटोचा नाद त्यांना लागला तो येथेच, १८७४च्या सुमारास. दुसरे तुकोजीराव होळकर महाराज आणि मध्य हिंदुस्थानातील गव्हर्नर जनरलचे एजंट सर हेन्री डेली, ज्यांचे नाव येथील डेली कॉलेजमुळे आजही सर्वांच्या तोंडी आहे, या दोघांचा आश्रय त्यांना लाभला. १८८२ साली पुढचे एजंट सर लेपेल ग्रिफिन यांच्याबरोबर त्यांनी बुंदेलखंडाकडचा प्रदेश पालथा घातला, आणि त्या सफरीतील चित्रांचा मध्य हिंदुस्थानातील प्रसिद्ध वास्तूंवरील ग्रंथ १८८६ साली निघाला. नंतर व्हाइसरॉयची नेमणूक, व्हिक्टोरिया राणीची सनद आणि १८९४ साली निजामाकडून मिळालेला ‘राजा’ हा किताब, असा त्यांचा चढता आलेख आहे. इंदूर, सिकंदराबाद, मुंबई येथे त्यांच्या पेढ्या चालल्या. १९०५ साली ते निवर्तले. इंदुरात सरकारी हुद्द्यावर टेबलाशी बसून रेघा ओढणारा एक कारकून मध्य हिंदुस्थानातील अनेक संस्थानिकांचे मुखवटे पुढील पिढ्यांसाठी घडवून गेला, ही गोष्ट आपल्या शहराच्या अभिमानाची आहे. तिचा उत्सव मात्र कोणी केल्याचे ऐकिवात नाही.

नकाशानविसाचा धंदा आणि फोटोवाल्याचा धंदा यांतील नाते लक्षात घेण्याजोगे आहे. नकाशा काढणारा घर काढतो. घराच्या ओटीवर बसलेली म्हातारी काढीत नाही. दारापुढचे झाड इमारतीची रेघ झाकीत असेल तर ते खुशाल गाळतो. त्याच्या लेखी कागदावर जे आहे ते मुद्दाम आणलेले असते. फोटोच्या यंत्राला हा विवेक नाही. समोर जे असेल ते सर्व ते सारख्याच निष्ठेने टिपते. महाराजांच्या शिरपेचातील हिरा आणि मागच्या भिंतीवरील ओलीचा डाग यांत त्याला तरतम नाही. तेव्हा यंत्राने जे भरमसाट दिले त्यातून नको ते काढून टाकणे, हे फोटोवाल्याचे निम्मे काम होऊन बसले. आणि ते काम यंत्राने होत नसे. कुंचला, पेन्सिल आणि चाकू यांनी होत असे.

ही क्रिया कशी होती ते थोडे सविस्तर सांगितले पाहिजे, कारण काचेचे ते युग आता सर्वस्वी संपले आहे. त्या काळी चित्र प्रथम काचेवर उमटे, आणि ते उलटे असे. म्हणजे पांढरे ते काळे आणि काळे ते पांढरे. या काचेखाली कागद ठेवून उजेड दिला की कागदावर सुलटे चित्र येई. आता काचेवर ज्या जागी अपारदर्शक रंग फासावा त्या जागेतून उजेड जाणार नाही, म्हणून कागद तेथे पांढराच राहील. सबब बैठकीतील माणसाची कड नाजूक कुंचल्याने सांभाळून त्याच्याभोवतालचे सर्व रंगाने भरून टाकले की मागची भिंत, खिडकी, गडी, पंखा सारे नाहीसे होऊन माणूस शुभ्र शून्यात उभा राहतो. याच्या उलट, काचेवरचा थर चाकूच्या टोकाने खरवडला तर तेथून उजेड जास्त जाऊन कागदावर काळे उमटते. गालावरचे देवीचे वण बुजवावयाचे तर काचेवर पेन्सिलीच्या बारीक टिंबांनी ते भरून काढीत. याला धंद्यात ‘टचिंग’ म्हणत आणि मोठ्या पेढ्यांतून त्यासाठी स्वतंत्र माणसे बसविलेली असत. खिडकीकडे तोंड करून, काच तिरकी ठेवून, दिवसभर दुसऱ्यांचे चेहरे दुरुस्त करणाऱ्या या कारागिरांची नावे चित्रांवर कधीच आली नाहीत. काचेवर असे टचिंग करण्याचे श्रेय म्युनिकच्या हान्फ्स्टेंग्ल नावाच्या फोटोवाल्याला दिले जाते. १८५५ साली पॅरिसच्या प्रदर्शनात त्याने एकाच चित्राच्या टचिंगपूर्वीच्या आणि नंतरच्या प्रती शेजारी शेजारी मांडल्या आणि प्रेक्षक थक्क झाले असे सांगतात. आजच्या जाहिरातींतील ‘आधी’ आणि ‘नंतर’ यांचा तो पणजोबा म्हणावयास हरकत नाही.

कित्येक नको त्या वस्तू तर फोटोवाल्यानेच चौकटीत आणलेल्या असत. बैठक काही सेकंद निश्चल राहिली पाहिजे म्हणून मानेमागे लोखंडी चिमटा लावीत. त्या चिमट्याची बैठक उभ्या माणसाच्या टाचांमागून डोकावते. जुना फोटो हाती आला तर वाचकांनी पायांकडे अवश्य पाहावे. तान्ह्या मुलांची तऱ्हा आणखी निराळी. विलायतेतील फोटोवाले मूल स्थिर राहावे म्हणून आईच्या अंगावर डोक्यापासून पायांपर्यंत कापड घालून तिला खुर्चीसारखी बसवीत आणि मूल तिच्या मांडीवर देत. मग चित्राची कड कापून किंवा अंडाकृती पुठ्ठा लावून ती आकृती झाकावयाची. कित्येकदा हे साधत नसे, आणि मुलाच्या मागे कापडाने झाकलेला एक मनुष्याकार ढीग दिसत राही. अशी चित्रे शेकड्यांनी शिल्लक आहेत. मुलाला धरणारे हात हवे आहेत, हातांची धनीण नको आहे.

हे सर्व एका वस्तूने पुष्कळसे सोपे केले. ती वस्तू म्हणजे रंगविलेला पडदा. मागे नको असलेले पुसण्यापेक्षा हवे असलेले टांगणे स्वस्त पडते. म्हणून आपल्या आजोबा-पणजोबांच्या तसबिरींत ते विलायती सरोवराच्या काठी, संगमरवरी कठड्यावर हात टेकून, पगडी आणि उपरणे सावरीत उभे असतात. कोकणातून नुकत्याच आलेल्या गृहस्थाच्या मागे आल्प्सच्या रांगा आहेत, आणि त्याचे त्याला काही वाटत नाही. पडद्याची खालची कड आणि जमीन यांच्या मधली फट झाकण्यासाठी गालिचा पसरलेला असतो. गालिचा आखूड पडला की आल्प्स पर्वत जमिनीपासून चार अंगुळे वर तरंगतो.

मुंबईस तर याच्याही पुढची मजल गाठली गेली. विल्यम जॉन्सन हा १८५४ साली स्थापन झालेल्या मुंबईच्या फोटोग्राफिक सोसायटीच्या आरंभीच्या सभासदांपैकी. त्याने मुंबईतील जातीजमातींवर दोन खंडांचा सचित्र ग्रंथ काढला. पहिला, गुजरात, कच्छ व काठेवाड यांविषयीचा, १८६३ साली आणि दुसरा, महाराष्ट्राविषयीचा, १८६६ साली. पुष्कळ माणसांची चित्रे त्याने घेतली ती स्टुडिओत. नंतर त्यांच्या मागचे सर्व काढून टाकून त्या आकृती मुंबईच्या इमारती, रस्ते, मोकळ्या जागा यांच्या निराळ्या घेतलेल्या दृश्यांवर बसविल्या. वाचणाऱ्या विलायती माणसाला वाटावे की हे लोक त्या जागी उभे असताना साहेबाने त्यांना गाठले. वास्तविक ते तेथे कधी उभेही राहिले नसतील. बारकाईने पाहिले तर सावल्यांची दिशा जुळत नाही आणि पावले जमिनीवर नीट टेकत नाहीत. ज्या ग्रंथाचा दावा ‘हे लोक असे आहेत’ असा होता, त्यातील लोकांच्या पायांखालची जमीनच उसनी होती. मागील वस्तू काढून टाकण्याच्या कलेचा हा विद्वत्तेच्या नावाखाली झालेला वापर मला दरबारी चित्रांपेक्षा अधिक खटकतो. महाराजांची तसबीर खुशामतीसाठी आहे हे सर्वांना ठाऊक असते. शास्त्राचा आव आणलेल्या तसबिरीपासून कोणी सावध राहत नाही.

याच क्रियेचे एक सात्त्विक रूप नाथद्वाऱ्यास दिसते. तेथील चितारी श्रीनाथजींच्या मनोरथाची चित्रे काढून देत. विसाव्या शतकाच्या आरंभापासून अशा कित्येक चित्रांत ठाकुरजी, पिछवाई, नैवेद्याची ताटे सर्व हाताने रंगविलेले, आणि बाजूस हात जोडून उभ्या असलेल्या यजमान कुटुंबाचे चेहरे मात्र फोटोतून कापून चिकटविलेले असत. येथे फसवणूक नाही. फोटोतील घर, ओसरी, शहर सारे कापून टाकले आणि भक्ताला देवापुढे उभे केले; यात्रेला येऊन जे डोळ्यांनी घडले तेच कागदावर पक्के करून घेतले. यजमानाला ते जसे आहे तसे माहीत होते, आणि कापलेली कड लपविण्याची फारशी खटपटही कोणी केली नाही.

श्रीरामकृष्ण परमहंसांच्या छायाचित्रांचा इतिहास या संदर्भात फार बोलका आहे. त्यांचे पहिले छायाचित्र २१ सप्टेंबर १८७९ रोजी केशवचंद्र सेन यांच्या कलकत्त्याच्या घरी घेतले गेले. श्रीरामकृष्ण उभ्यानेच समाधिस्थ झाले आहेत. भाचा हृदय त्यांना मागून आधार देतो आहे आणि सभोवार ब्राह्मसमाजाची मंडळी बसली आहेत. या चित्रातून केवळ परमहंसांची आकृती काढून घेतलेल्या कित्येक प्रती पुढे प्रसृत झाल्या. त्यांत ते एकटेच, कोणाच्याही आधारावाचून उभे दिसतात. १८८१ सालच्या दुसऱ्या चित्रात ते कलकत्त्याच्या एका फोटोपेढीत, तिथल्या शोभेच्या खांबावर हात ठेवून उभे आहेत; हा खांब मात्र कोणी पुसला नाही. तिसरे, म्हणजे आज देशभर पूजेत असलेले बैठे चित्र, १८८३ साली दक्षिणेश्वरी अविनाशचंद्र दाँ याने घेतले. त्याची काच हातून पडून वरच्या बाजूस तडकली. तेव्हा तडकलेला भाग त्याने अर्धवर्तुळाकार कापून काढला. मस्तकामागे जी कमानीसारखी कड दिसते ती या अपघाताची खूण आहे. पाहणारा तिला प्रभावळ समजून हात जोडतो. यात मला काही वावगे दिसत नाही. उलट फुटलेल्या काचेतून इतके शोभिवंत काही निघाल्याचे दुसरे उदाहरण मला ठाऊक नाही. पण पहिल्या चित्राविषयी मन इतके निःशंक होत नाही. ज्याचे देहभान हरपले आहे अशा पुरुषाला पडू न देणारा हात त्या प्रसंगाचाच भाग होता. तो काढला म्हणजे समाधी शिल्लक राहते, आणि समाधीत असलेल्या देहाची काळजी वाहणारा मनुष्य जातो.

तिकडे इंदुरात या कथेला एक वेगळीच कलाटणी मिळाली. जुन्या दरबारी चित्रांत महाराजांच्या मागे चवरीवाले, अब्दागिरीवाले, चोपदार, कारभारी असा सगळा परिवार उभा असे. किंबहुना माणसाचे मोठेपण मागे किती जण उभे आहेत यावरून मोजले जाई. १९२६ साली गादीवर आलेल्या यशवंतराव होळकरांची १९३० सालाच्या आगेमागे पॅरिसच्या कलावंतांनी केलेली चित्रे पाहावीत. मान रे याने त्यांचे व संयोगितादेवींचे फोटो घेतले. बर्नार बूते द मोंव्हेल याने १९२९ साली त्यांना विलायती पोशाखात आणि १९३३-३४ साली मराठेशाही पोशाखात रंगविले. मागे परिवार नाही, महाल नाही, गर्दी नाही. त्याच सुमारास एकार्ट मुथेसियस हा जर्मन वास्तुकार त्यांचा माणिकबाग राजवाडा सजवीत होता, तोही याच रिकाम्या, स्वच्छ रेषांच्या धर्तीवर. म्हणजे पन्नास वर्षांत राजाची प्रतिष्ठा ‘मागे सर्व असणे’ येथून ‘मागे काहीही नसणे’ येथवर आली. आज आपल्या ओळखपत्राच्या फोटोमागे जी पांढरी भिंत सक्तीची असते तिच्यात प्रतिष्ठेचा लवलेश नाही, हे खरे. पण रिकाम्या पार्श्वभूमीला आपण आज जे ‘सोज्ज्वळ’ म्हणतो, ती आवड या वळणावरून आली आहे. अहिल्याबाईसाहेबांचे रूढ चित्र, शुभ्र वस्त्र, हाती शिवपिंडी, याच्याशी माझ्या मते हे नवे वळण अधिक जुळते. ज्यांच्या हुकमावर स्वतःच्या नावाऐवजी ‘श्रीशंकर’ येई त्यांना मागे चोपदार हवेत कशाला?

संगणकाच्या पराक्रमाविषयी थोडक्यातच सांगतो. अमेरिकेतील टॉमस नोल याने १९८७ साली चित्रे हाताळण्याचा जो प्रोग्रॅम लिहावयास घेतला तो बंधू जॉन याच्या साह्याने वाढून १९९० साली अडोबी कंपनीने ‘फोटोशॉप’ या नावाने विक्रीस काढला. त्यातील शिक्क्यासारख्या साधनाने चित्राच्या एका भागाची नक्कल उचलून दुसऱ्या भागावर उमटवता येई. म्हणजे भिंतीचा तुकडा उचलावा आणि खांबावर चिकटवावा. २०१० पासून हे तुकडे शोधण्याचे कामही संगणकच आपण होऊन करू लागला, आणि २०२१ पासून काही फोनांतही हे साधन आले. आता तर कृत्रिम बुद्धी अगदी नवीन भिंत रचून देते. पण एक गोष्ट ध्यानात असावी. माणूस पुसला म्हणजे त्याच्या मागे जे होते ते दिसू लागते असे नव्हे. त्याच्या मागे काय होते हे चित्राला कधीच ठाऊक नव्हते. शेजारच्या विटांवरून यंत्र त्या जागच्या विटांचा अंदाज बांधते. वकिली भाषेत बोलावयाचे तर तो पुरावा नसून अनुमान आहे, आणि तेही साक्षीदाराने आपल्या हस्ताक्षरात पुराव्याच्या कागदावरच लिहिलेले. शिवाय यंत्र कितीही चतुर असले तरी त्याच्या हातून काही राहून जाते: पुसलेल्या माणसाची जमिनीवरची सावली, पितळी घंगाळातील त्याचे प्रतिबिंब, कोणाच्या तरी खांद्यावर ठेवलेली त्याची चार बोटे. स्वामीमहाराजांच्या आगमनाच्या चित्रातून छत्री धरणारा काढला तर छत्री अधांतरी राहते. मग छत्रीही काढावी लागते आणि महाराज उन्हात उभे राहतात.

राजकारणात या विद्येचे काय झाले ते प्रसिद्धच आहे. १९३७ साली मॉस्कोजवळच्या कालव्याच्या काठी स्टालिनशेजारी त्याचा गृहखात्याचा मंत्री येझॉव्ह चालतो आहे असे चित्र छापले गेले. १९४० साली येझॉव्हला गोळी घालण्यात आली आणि पुढे त्या चित्रात त्याच्या जागी कालव्याचे पाणी दिसू लागले. ज्याने हजारोंना नाहीसे केले त्यालाच कुंचल्याने नाहीसे केले. आपल्याकडे अशी क्रूरता नाही, असे म्हणून या परिच्छेदावरून पुढे जाणे सोपे आहे.

परंतु घराघरांतील समूहचित्रांकडे पाहिले म्हणजे पाऊल अडखळते. जुन्या कुटुंबांत बायकांचे एकटीचे चित्र बहुधा नसे. श्राद्धाला तसबीर हवी म्हणून आजीचा चेहरा मुलीच्या लग्नाच्या समूहचित्रातून मोठा करून घ्यावा लागे, आणि शेजारची मंडळी टचिंगवाला रंगाने बुजवी. हा निरुपाय होता. आज मात्र वारसदार मूळ चित्र घेऊन दुकानात जातात आणि ‘मागचे नको ते काढा’ म्हणून सांगतात. नको ते म्हणजे काय, याची यादी दुकानातला मुलगा करीत नाही. ती आपण करतो. दाराची मोडकी चौकट, कोपऱ्यातला पाण्याचा पिंप, मूल कडेवर घेतलेला गडी, आणि कधी कधी सर्वांत मागे, अर्धी खांबाआड, आलवण नेसलेली, केशवपन झालेली आत्या. जिवंतपणी तिला मंगलकार्यात पुढे येऊ दिले नाही. चित्र काढताना ती खांबाआड उभी राहिली, बहुधा आपण दिसू नये म्हणूनच. यंत्राला तरतम नव्हते म्हणून ती उमटली. त्या घरात तिचा असा एवढाच कागद असावयाचा संभव फार आहे: बालपणी वैधव्य आलेली, पोटी संतान नाही, सासरच्या वंशावळीत नाव नाही आणि माहेरच्या वंशावळीत मुलींची नावे लिहीत नाहीत. तेथे ‘मागचे नको ते’ म्हणून बोट फिरवले की तिची इहलोकीची शेवटची खूण जाते, आणि तिच्या जागी विटा येतात.

हे केवळ भावनेचे बोलणे आहे असे कोणास वाटेल, म्हणून कायद्याचा आधार देतो. १८७२ सालच्या पुराव्याच्या कायद्याच्या ३२व्या कलमात, मृत व्यक्तींची कोणती विधाने न्यायालयात ग्राह्य धरावीत हे सांगितले आहे. त्यातील सहाव्या पोटकलमात मृत व्यक्तींच्या परस्पर नात्याविषयीची विधाने कोठे आढळावीत याची जी यादी आहे तीत मृत्युपत्र, कौटुंबिक दस्त, वंशावळ, थडग्यावरील लेख यांच्या बरोबरीने कुटुंबाचे चित्र याचा स्पष्ट उल्लेख आहे. १ जुलै २०२४ पासून अंमलात आलेल्या भारतीय साक्ष्य अधिनियमाच्या २६व्या कलमातही तो तसाच ठेवला आहे. अट एवढीच की ते विधान वाद उपस्थित होण्यापूर्वी केलेले असले पाहिजे. अर्थात चित्र आपण होऊन विधान करीत नाही. त्यावर किंवा त्याच्या पाठीवर कोणी काय लिहिले आहे यालाच मुख्य महत्त्व. तरी वारसाच्या दाव्यात कोण कोणाशेजारी, कोणत्या मानाच्या जागी बसले आहे हे वकील भिंग लावून पाहतात, आणि त्यांना ते पाहावेच लागते.

फोटोवाल्याचेही काही हक्क आहेत, हे आपण सहसा विसरतो. १९५७ च्या कॉपीराइट कायद्याप्रमाणे छायाचित्राचा कर्ता ते घेणारा मनुष्य होय. मोबदला देऊन चित्र काढवून घेतले असेल तर, निराळा करार नसल्यास, मालकी काढवून घेणाऱ्याची. परंतु ५७व्या कलमाने कर्त्याला दिलेला विशेष हक्क मालकी दुसऱ्याकडे गेली तरी त्याच्याकडेच राहतो. त्याच्या कृतीची अशी मोडतोड झाली की तिच्यामुळे त्याच्या लौकिकास बाध येईल, तर तो तक्रार करू शकतो. घरच्या चित्रातला खांब काढला म्हणून कोणी न्यायालयात जाणार नाही आणि गेला तर टिकणारही नाही. पण देवस्थानाच्या शताब्दीग्रंथात, मठाच्या स्मरणिकेत जुनी छायाचित्रे ‘स्वच्छ’ करून छापणाऱ्या संपादकमंडळींनी हे कलम एकदा वाचून ठेवावे.

पार्श्वभूमी गमावण्याचा अनुभव आपल्या समाजाला मोठा आहे. सोळाव्या शतकाच्या सातव्या दशकात श्रीमंगेश कुशस्थळीहून प्रियोळास आला आणि श्रीशांतादुर्गा केळोशीहून कवळ्यास. देव उचलून आणले. देऊळ, तळे, वाट, झाडे सारे मागे राहिले आणि मोडले गेले. तरीही महाजनांची कुळे कुशस्थळकर, केळोशीकर म्हणवीत राहिली. जी जागा डोळ्यांपुढून नाहीशी केली गेली ती नावात राखून ठेवली. शब्दाने ते साधले, कारण पिढ्यान्‌पिढ्या तो शब्द कोणीतरी उच्चारीत होते. खांबाआडच्या आत्येचे नाव उच्चारणारा कोणी उरलेला नसतो.

नको ते कधीच काढू नये असा हट्ट मी धरीत नाही. देवघरात लावावयाच्या तसबिरीत विजेचा मीटर दिसावा असा आग्रह कोण धरील? काढावे, पण प्रतीवर काढावे. जुन्या काचेवरच्या टचिंगमध्ये एक सभ्यपणा होता. वर फासलेला रंग पाण्यात कालविलेला असे, तो पुष्कळदा धुऊन निघतो आणि खालची माणसे जशीच्या तशी हाती लागतात. दीनदयाळांच्या २,८००हून अधिक काचा १९८९ साली दिल्लीच्या इंदिरा गांधी राष्ट्रीय कला केंद्राने घेतल्या, म्हणून अभ्यासकांना पेढीतून गिऱ्हाइकाला मिळालेल्या कागदाच्या पलीकडे जाऊन मूळ काच पाहता येते. फोनवर पुसलेल्या चित्राला अशी काच मागे राहतेच असे नाही. मूळ प्रत निराळी ठेवली तरच ती राहते, आणि ती ठेवण्याचे काम घरातील एखाद्या व्यवस्थित माणसाकडे सोपवावे लागते.

दुसरे काम त्याहून सोपे आहे. मूळ चित्र उलटे करून त्याच्या पाठीवर, मऊ पेन्सिलीने आणि हलक्या हाताने, डावीकडून उजवीकडे ओळीने सर्वांची नावे, नाते आणि साल लिहावे. शाई वापरू नये, ती कालांतराने पुढच्या बाजूस उतरते. कडेच्या गड्याचे नाव घरातील वृद्धांना विचारावे. पुष्कळदा त्यांना ते आठवते, कारण लहानपणी त्याच्याच कडेवर ते वाढलेले असतात. आणि ज्यांचे नाव कोणालाच सांगता येत नाही त्यांच्या जागी रेघ न ओढता ‘खांबाआड उभी, आजोबांची बहीण असावी’ इतके तरी लिहून खाली आपली सही आणि तारीख घालावी.